मेंढा (लेखा) : पाचशे वस्तीचे गाव, अठराशे हेक्टरांचे रान

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. लेखा हे शेजारचे गाव. त्यावरून ते 'मेंढा (लेखा)' म्हणून ओळखले जाते. घरे शंभराच्या आसपास, लोकसंख्या सुमारे पाचशे. घरात गोंडी आणि शाळेत मराठी, अशी इथल्या मुलांची भाषिक घडण. पावसावरची धानशेती हा मुख्य आधार असला, तरी वर्षभराचा संसार त्यावर चालत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३८.७ टक्के आहे. दर चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसे. राज्याची सरासरी ३६५. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वनाच्छादित असल्यामुळे ही विरळ वस्ती समजण्यासारखी आहे.

जनगणना काम करणाऱ्यांना चार रकान्यांत बसवते : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर. मेंढ्याचा माणूस यांपैकी कोणता? पावसाळ्यात तो धान लावतो, उन्हाळा लागताच मोहफुले वेचतो, मे महिन्यात तेंदूपाने तोडतो, कधी बांबू कापतो. ज्या जंगलावर त्याचे निम्मे वर्ष निघते, त्याची नोंद झालीच तर 'इतर'मध्ये होते.

गावाच्या हद्दीतील सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये मान्य झाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. हक्क मिळाला तरी बांबू विकता येईना. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज मानतो. वनविभाग मात्र त्याला १९२७ च्या कायद्याप्रमाणे झाड समजून वाहतूक परवाना अडवून बसला होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक थेट ग्रामसभेच्या हाती आले. मजुरीवर राबणारे गाव बांबूचे विक्रेते झाले, ते त्या दिवसापासून.

ग्रामसभेत निर्णय मतदानाने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीकडे जातो. यात वेळ मोडतो, हे खरेच. पण बहुमताने हरलेला असा गट गावात उरत नाही. स्त्रियांचा सहभाग हा इथे शोभेचा भाग नाही. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांतून ही पद्धत रुजली. अवघड विषयांवर अभ्यासगटात चर्चा करायची आणि निर्णय ग्रामसभेने घ्यायचा, ही तिची घडी.

२०१३ मध्ये गावाने आणखी एक पाऊल टाकले. महाराष्ट्र ग्रामदान कायदा, १९६४ अन्वये ग्रामस्थांनी आपल्या शेतजमिनी ग्रामसभेकडे सोपवल्या. कसणारा तोच राहतो, पीकही त्याचेच. पण जमीन बाहेरच्याला विकण्याची वाट बंद होते. धाक किंवा कर्जापोटी आदिवासींच्या जमिनी हातच्या जाण्याचा या भागातील इतिहास पाहता या निर्णयाचे मोल कळते. ग्रामदानी गाव म्हणून मिळणाऱ्या अधिकारांचा प्रश्न मात्र पुढे अनेक वर्षे कागदोपत्री रेंगाळत राहिला.

२०२१ ची जनगणना लांबली. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून ती घेण्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली, आणि या वेळी जातनिहाय नोंदही होणार आहे. मेंढ्यात प्रगणक पोहोचेल तेव्हा घरामागची शेती आणि त्यापलीकडचे रान, दोन्हींचा मालक म्हणून त्याला एकच नाव ऐकू येईल : ग्रामसभा.