मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचा पूर्वरंग

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली स्थापन झाला आणि त्याची सूत्रे प्रथम पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकाराकडे आली. परंतु त्या विभागाला स्वतःचे असे वळण लागले, ते १९२४ मध्ये मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्याचे प्रमुख झाल्यावरच.

घुर्ये मूळचे संस्कृतचे विद्यार्थी. केंब्रिजमध्ये मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्या हाताखाली, आणि १९२२ साली रिव्हर्स अकाली निवर्तल्यावर हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली, त्यांनी आपले अध्ययन पुरे केले. एकीकडे सूत्रे, स्मृती व महाकाव्ये, दुसरीकडे खानेसुमारीची कोष्टके व वंशमापनाचे आकडे, अशा दोन्ही साधनांवर त्यांची सारखीच हुकमत होती. रिस्ले या इंग्रज अंमलदाराने नाकाच्या मापावरून जातींची वांशिक प्रतवारी लावली होती. १९३२ च्या आपल्या जातिविषयक ग्रंथात घुर्ये यांनी तीच मापे प्रांतवार तपासली आणि संयुक्त प्रांताबाहेर तो सिद्धांत टिकत नाही, हे साधार दाखवून दिले. सरकारी दप्तरातून निघालेले विधान त्याच दप्तरातील आकड्यांनी खोडून काढण्याची ही रीत मला त्यांच्या साऱ्या कार्यात अत्यंत मोलाची वाटते.

विद्यार्थ्याला विषय सुचवतानाही त्याची भाषा, त्याचा मुलूख व त्याचे सगेसोयरे यांचा उपयोग व्हावा, अशी त्यांची दृष्टी असावी. इरावती कर्वे यांनी १९२८ साली त्यांच्याकडे प्रबंध लिहिला तो चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्याच ज्ञातीवर. म्हैसूरहून आलेल्या एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसुरातील विवाह व कुटुंब हा विषय हाती घेतला आणि नंतर कूर्ग गाठले. कूर्गची ती सामग्री पुढे ऑक्सफर्डमध्ये निराळ्या उपपत्तीच्या प्रकाशात मांडली जाऊन १९५२ साली ग्रंथरूपाने गाजली, तरी तिची जमवाजमव मुंबईच्या विद्यार्थिदशेतली होती, हे विसरणे अन्यायाचे ठरेल.

जुन्या दप्तराकडे परतण्याची घुर्ये यांची रीत एका गावाच्या अभ्यासातही दिसते. पुण्याहून नगरकडे जाताना लोणीकंद हे गाव लागते. पेशवाई बुडून दोन वर्षेही झाली नव्हती, अशा वेळी टॉमस कोट्स या कंपनी सरकारच्या डॉक्टराने या गावाची जमीन, पीकपाणी, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, अन्नवस्त्र आणि सावकारी कर्ज यांची बारकाईने टिपणे केली होती. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर घुर्ये यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी करविली आणि १९६० साली तेव्हाचे व आताचे लोणीकंद एका पुस्तकात शेजारी-शेजारी मांडले. आपल्याकडे ग्रामवर्णने विपुल झाली आहेत. एकाच गावाला दोन काळांत असे विचारपूर्वक गाठणारा अभ्यास मात्र विरळाच.

घुर्ये स्वतः परंपरेचे अभिमानी होते, आणि आदिवासींना त्यांनी मागासलेले हिंदू म्हटले, ते मत मला मान्य होत नाही. परंतु भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी मार्क्सच्या दृष्टीने उलगडणारा अक्षयकुमार देसाई यांचा प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सिद्ध झाला. १९५९ मध्ये घुर्ये निवृत्त झाल्यावर विभागाची धुरा त्यांचे विद्यार्थी कपाडिया यांच्याकडे गेली आणि कालांतराने गुरूशी मूलभूत मतभेद असलेले देसाईच त्या विभागाचे प्रमुख झाले.