पंच चुकला! आता पुढे काय?

लोणावळ्यात आज धो धो पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्याचा आवाज येत राहील, तेवढं सांभाळून घ्या.

आज सुरुवात एका कबुलीने करतो. मागे तळेगावात टर्फवर आमची मित्रांची फुटबॉल मॅच होती. माझा गुडघा दुखत होता, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात पडली. शेवटची पाच मिनिटं, स्कोअर बरोबरीत, आणि मी एक गोल नाकारला. म्हटलं, बॉल लाइनच्या आत गेलाच नाही. ज्याचा गोल होता तो मित्र मोबाइल घेऊन आला, "अरे, व्हिडिओ बघ ना एकदा!" मी काय म्हणालो? "पंचाचा निर्णय अंतिम. विषय संपला." रात्री घरी व्हिडिओ बघितला. बॉल चांगला वीतभर आत होता.

चूक होते हो, माणूस आहे. पण मी व्हिडिओ बघायलाच नकार का दिला? हा प्रश्न डोक्यात बसला आणि मी इतिहास वाचायला घेतला. पंचावर टीका झाली की पंच आणि त्याच्या मागची संघटना काय करते? आजचा एपिसोड त्यावर.

चला १९६६ मध्ये. वर्ल्डकपची क्वार्टर फायनल, लंडनचं वेम्बली स्टेडियम, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. जर्मन रेफ्री रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कॅप्टन रॅटिन याला बाहेर काढलं. रॅटिनला जर्मन येत नव्हतं, रेफ्रीला स्पॅनिश. तो हटून बसला, जाईचना! मॅच कित्येक मिनिटं खोळंबली. गंमत म्हणजे त्याच मॅचमध्ये इंग्लंडच्या चार्ल्टन भावांना ताकीद मिळाली होती, हे त्यांच्या टीमला नंतर पेपरमधून कळलं.

तेव्हा रेफ्रींची जबाबदारी केन ॲस्टन यांच्याकडे होती. मॅचनंतर गाडीतून जाताना ते सिग्नलला थांबले आणि त्यांना सुचलं: पिवळा म्हणजे सांभाळ, लाल म्हणजे थांब. १९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपमध्ये पिवळी आणि लाल कार्डं आली. इथे एक लक्षात घ्या. ॲस्टन यांनी "खेळाडू उद्धट झालेत" एवढ्यावर विषय सोडला नाही. निर्णय लोकांना कळतच नाही, हा खरा प्रॉब्लेम त्यांनी पकडला.

पण प्रत्येक वेळी असं झालं नाही. १९८६ ची मॅराडोनाची 'हँड ऑफ गॉड' तुम्हाला पाठ असेल. हाताने केलेला गोल ट्युनिशियाचे रेफ्री अली बेन नासर यांनी मान्य केला. जगभर लोकांनी टीव्हीवर रिप्ले बघितला, फक्त ज्याने निर्णय द्यायचा त्याला बघायची सोय नव्हती. पुढची कित्येक वर्षं त्या गोलाची उत्तरं बेन नासर आणि त्यांच्या लाइन्समनला द्यावी लागली. आणि वर्ल्डकपमध्ये रेफ्रीसाठी व्हिडिओ कधी आला? २०१८ मध्ये. बत्तीस वर्षांनी!

मधला २०१० चा किस्सा तर भारी आहे. २७ जून, दक्षिण आफ्रिका. इंग्लंडच्या लॅम्पार्डचा शॉट बारला लागून जर्मनीच्या गोलच्या स्पष्ट आत पडला. रेफ्रीने गोल दिला नाही. त्याच दिवशी अर्जेंटिनाच्या तेवेझने मेक्सिकोविरुद्ध ऑफसाइड गोल केला आणि त्याचा रिप्ले स्टेडियमच्या मोठ्या स्क्रीनवर लागला. मेक्सिकोचे खेळाडू स्क्रीनकडे हात करून भांडतायत, रेफ्रीलाही दिसतंय, पण नियमाने तो ते बघून निर्णय बदलू शकत नाही!

यावर फिफाची पहिली प्रतिक्रिया काय होती? की असे रिप्ले स्क्रीनवर दाखवताना यापुढे जास्त काळजी घेऊ. म्हणजे आजार तसाच ठेवून थर्मामीटर लपवायचा. टीका थांबेना, तेव्हा दोन दिवसांनी अध्यक्ष ब्लाटर यांनी इंग्लंड आणि मेक्सिकोची माफी मागितली. २०१२ मध्ये गोललाइन टेक्नॉलॉजीला मंजुरी मिळाली आणि २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये ती वापरली.

आता आपल्या देशात या. ३ मार्च २०२३, बंगळुरू, आयएसएलचा बाद फेरीचा सामना. सुनील छेत्रीने एक्स्ट्रा टाइममध्ये झटकन फ्री किक मारून गोल केला. केरळा ब्लास्टर्स म्हणाले, आमची भिंत उभी राहायच्या आधीच मारली. रेफ्रीने गोल दिला आणि कोचने अख्खी टीम मैदानाबाहेर नेली. फेडरेशनच्या शिस्तपालन समितीने क्लबला ४ कोटींचा दंड ठोठावला, कोचवर १० सामन्यांची बंदी. मॅच सोडून जाणं चुकीचंच, शिक्षा व्हायला हवी. पण रेफ्रीला मैदानावर व्हिडिओची मदत मिळावी, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा चांगला गोल ऑफसाइड ठरवला गेला. व्हिडिओ रूममधल्या माणसाला वाटलं मैदानावर गोल दिलाय, म्हणून तो "चेक पूर्ण" म्हणून मोकळा झाला. रेफ्रींच्या संस्थेने त्याच रात्री चूक कबूल केली आणि तीन दिवसांत व्हिडिओ रूममधलं पूर्ण बोलणं लोकांना ऐकवलं. ऐकताना अंगावर काटा येतो. चूक लक्षात येते, पण खेळ सुरू झालेला असतो आणि नियमाने तो थांबवता येत नाही. लिव्हरपूलला तो गोल परत मिळाला नाही. पण यात कट नव्हता, बोलण्यातला गोंधळ होता, हे ज्याला ऐकायचं होतं त्याला ऐकायला मिळालं.

आता फुटबॉल बाजूला ठेवू. कारण आपल्या मावळात पंचावरून खरं भांडण होतं ते कुस्तीत. जत्रेच्या आखाड्यात वाद वाढला की गावची जाणती माणसं कुस्ती बरोबरीत सोडवतात. दोघांच्या पाठीवर थाप आणि पुढची जोड. पण महाराष्ट्र केसरीत बरोबरी चालत नाही. एकच गदा असते.

२ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. गादी विभागाची फायनल, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. राक्षे खेड तालुक्यातला, मोहोळ मुळशीचा. म्हणजे मावळच्या एका अंगाला एक पैलवान आणि दुसऱ्या अंगाला दुसरा! आमच्या इथल्या चहाच्या टपरीवर दोन्ही पार्ट्या हजर होत्या. पंचांनी मोहोळ चितपट जिंकल्याचं जाहीर केलं. राक्षे म्हणाला, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. वाद वाढला आणि त्याने पंचांना लाथ मारली. नंतर केसरीच्या मुख्य लढतीत महेंद्र गायकवाडही पंचांवर नाराज होऊन शेवटच्या क्षणांत आखाडा सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

टीका वाढली, तशी चौकशी समिती नेमली गेली. आणि चौकशीनंतर त्या पंचांवरही बंदी आली. किती? तीन वर्षं.

जरा थांबा इथे. लाथ मारणाऱ्याला तीन वर्षं आणि निर्णय चुकलेल्याला पण तीन वर्षं. मग उद्या शिट्टी हातात घ्यायची कुणी? आधीच २०२३ मध्ये पुण्यात, कोथरूडच्या स्पर्धेत, चार गुणांच्या एका निर्णयावरून पंचांना फोनवर धमकी आली होती आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं होतं. तेव्हा धमकी, आता बंदी. पंचाने धाडसाने निर्णय द्यावा तरी कसा?

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे रात्री दोनला सर्व्हर पडला की सकाळी मीटिंग होते. चांगल्या टीममध्ये पहिला प्रश्न "कोणी पाडला?" हा नसतो. "कसा पडला, आणि पुन्हा पडू नये म्हणून काय बदलायचं?" हा असतो. कारण माणूस हाकलला तरी बग तिथेच राहतो.

इतिहासात मला हेच दिसलं. टीका आली की संघटना बहुतेक वेळा आधी बोलणाऱ्याला शिक्षा करते. ते पुरलं नाही तर पंचाचा बळी देते. दोन्ही सोपं असतं, दोन्हीत संघटनेला स्वतःला काहीच बदलावं लागत नाही. पण कार्डं, गोललाइन टेक्नॉलॉजी, ते ऐकवलेलं रेकॉर्डिंग, या गोष्टी तिसऱ्या रस्त्याने आल्या. निर्णय कसा झाला ते दाखवा, आणि चुकला तर पद्धत सुधारा. कुस्तीत हे अशक्य आहे का? चितपटीचा निर्णय कुठल्या कॅमेऱ्यातून तपासला, ते तिथेच स्क्रीनवर दाखवायचं आणि पंचाने माइकवर दोन वाक्यांत कारण सांगायचं. हरलेला पैलवान तरीही चिडेल. पण निदान कशावर चिडायचं ते त्याला कळेल.

आणि हो, त्या टर्फवाल्या मॅचचा व्हिडिओ मी काल ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "गोल होता. मी चुकलो. पुढच्या वेळी गोलमागे एक मोबाइल लावू." मित्राचा रिप्लाय आला, "पार्टी दे."

तुमच्या गावच्या आखाड्यात किंवा ग्राउंडवर असं काही झालंय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू पुढच्या रविवारी!