कर्नाळ्यावर आपले कोण होते?

गेल्या जानेवारीत शाळेची सहल कर्नाळ्याला नेली होती. पनवेलपासून बारा किलोमीटर, गोवा महामार्गाला लागूनच. त्यामुळे कमी खर्चाची आणि एका दिवसात उरकणारी सहल. तास-दीड तास चढून आम्ही सुळक्याच्या पायथ्याशी पोहोचलो. मुलांनी डबे उघडले. सहावीतली एक मुलगी मात्र त्या सव्वाशे फुटी दगडी सुळक्याकडे बघत बसली होती. तिने विचारले, "टीचर, इधर अपना कोई था क्या?"

मी "था ना" म्हणाले आणि तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. उत्तर येत नसले की आम्ही शिक्षक असाच वेळ काढतो.

घरी आल्यावर जुने जिल्हा गॅझेटिअर उघडले. त्यात कर्नाळ्यावरच्या दोन शिलालेखांची नोंद आहे. एक मराठी, खालच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला. त्यावर साल नाही. दुसरा फारसी, खालच्या आणि वरच्या दरवाजांच्या मध्ये. त्यात नाव आहे सय्यद नुरुद्दीन मुहम्मद खान आणि साल आहे हिजरी ११४६, म्हणजे इ.स. १७३३-३४. मी उर्दू आणि मराठी शिकवते. दोन्ही लिप्या रोज फळ्यावर लिहिते. आणि तीस मुले घेऊन मी त्याच दरवाजांतून चढले आणि उतरले, पण एकदाही थांबले नाही. मला माझीच शरम वाटली.

पण एक नाव सापडले म्हणून त्या मुलीला "हो, किल्ला आपला होता" असे सांगायचे का? सांगण्याआधी किल्ल्याचा सगळाच इतिहास नीट लावून पाहिला, तेव्हा "आपला" हा शब्द हातातून निसटायला लागला.

१५४० च्या सुमारास कर्नाळा गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यात होता. तो अहमदनगरच्या निजामशहाच्या सैन्याने घेतला. गुजरातवाले मदत मागायला वसईला पोर्तुगिजांकडे गेले. पोर्तुगिजांनी किल्ला घेतला आणि नंतर वर्षाला ठरावीक रक्कम घेऊन निजामशहाला देऊन टाकला. एक मुसलमान राजा दुसऱ्या मुसलमान राजाविरुद्ध ख्रिस्ती सैन्य आणतो, आणि ते सैन्य पैसे घेऊन मोकळे होते. यात आपले कोण?

पुढे १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले मुघलांना द्यावे लागले. त्यांत कर्नाळाही होता. मुघलांच्या वतीने हा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग राजपूत होते. १६७० मध्ये महाराजांनी किल्ला परत घेतला. त्यांच्या निधनानंतर तो पुन्हा मुघलांकडे गेला, १७४० मध्ये पेशव्यांकडे आला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने जिंकला. नुरुद्दीन खानाचा शिलालेख या मुघल काळाच्या अखेरचा. दगडावर नाव कोरले गेल्यानंतर सहा-सात वर्षांतच किल्ल्याचा मालक बदलला.

मग सगळ्यांना हा डोंगर हवा कशाला होता? सुळक्याखाली उभे राहिले की कारण दिसते. एका बाजूला पनवेलची खाडी, दुसऱ्या बाजूला आपट्याकडची पाताळगंगा, आणि बोरघाटाने वर देशावर जाणारी वाट. बंदरात उतरलेला माल याच टापूतून पुढे जायचा. ज्याच्याकडे कर्नाळा, त्याची या रस्त्यावर नजर. आज त्याच वाटेवर गोव्याला जाणारे ट्रक धावतात. भांडण धर्माचे कमी आणि रस्त्याचे जास्त होते. आपल्याकडे किल्ल्याचा धडा शिकवताना हीच गोष्ट राहून जाते. मग मुलांच्या मनात दोनच रांगा उरतात, एक "त्यांची", एक "आपली". मोहल्ल्यातली मुले गडावर जायला बिचकतात, त्याचे एक कारण हेही आहे.

परतताना शिरढोणला थांबलो होतो. महामार्गावरचे हे गाव म्हणजे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. म्हणजे ज्या घरातून १८१८ साली किल्ला गेला, त्याच घरातल्या नातवाने साठ वर्षांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. रामोशी, कोळी अशा गरीब माणसांना त्यांनी बरोबर घेतले. पुढे निजामाच्या मुलखात जाऊन रोहिल्यांची फौज उभी करण्याची खटपट केली. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. त्यांच्या पाठलागावर मेजर डॅनियल होता आणि त्याच्यासोबत निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक. फडक्यांना एडनच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले.

रोहिले त्यांच्या बाजूने लढायला तयार होते, अब्दुल हक विरुद्ध बाजूला होता. दोघेही मुसलमान. आता त्या मुलीने "अपना कोई था क्या" विचारले, तर मी कुणाकडे बोट दाखवू? प्रामाणिक उत्तर असे की दोन्हीकडे होते, आणि कोणत्या बाजूला उभे राहायचे हे ज्याचे त्याने ठरवले होते.

कर्नाळ्याला बहुतेक लोक किल्ल्यासाठी नाही, पक्ष्यांसाठी येतात. १९६८ पासून इथे पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातले पहिले. पावसाच्या सुरुवातीला तिबोटी खंड्या घरटे करायला येतो. रायगडचा जिल्हा पक्षी तोच. पक्ष्यांचा विषय निघाला की मी मुलांना सालिम अलींबद्दल सांगते. १८९६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या माणसाने १९३० साली आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला, सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. आपण सुगरण म्हणतो, पण घरटे विणतो नर. अर्धे झाले की मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच तो पुरे करतो आणि मग दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो. यावर मुली फार हसतात. सालिम अलींनी हे कोणत्या मोठ्या प्रयोगशाळेत शोधले नाही. झाडासमोर बसून, धीराने बघत राहून शोधले. मला वाटते, वारसा म्हणून मुलांना हीच सवय द्यावी.

पनवेलमध्ये शिरल्यावर मी मुलांना बेथ एल सिनेगॉग दाखवले, बाहेरूनच. १८४९ मध्ये बांधलेले हे बेने इस्रायली ज्यूंचे प्रार्थनास्थळ. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची प्रार्थना हिब्रूत, घरातली भाषा मराठी. यातले बहुतेक इस्रायलला निघून गेले, गावात इस्रायल तलावाचे नाव राहिले. एका मुलाने विचारले, "टीचर, ते मराठी बोलायचे?" मी म्हटले, "तू कोणती भाषा बोलतोस?" तो लाजून हसला.

तुम्ही कर्नाळ्याला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. सुळक्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून त्या दिवशी अत्तर लावू नका आणि आरडाओरडा करू नका. गाणी वाजवू नका, पक्षी उडून जातात. प्लास्टिक परत आणा. आणि दरवाजांपाशी थोडे थांबा.

येत्या हिवाळ्यात मी पुन्हा जाणार आहे. ती मुलगी आता सातवीत आहे. या वेळी निघण्याआधी दोन्ही लेखांची माहिती मुलांना वहीत लिहून घ्यायला लावेन, एका पानावर नस्तालिकमध्ये, समोरच्या पानावर देवनागरीत. वर गेल्यावर दोन्ही लेख त्यांनीच शोधायचे. तिच्या प्रश्नाला मी घाईत "था ना" म्हणाले होते. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे तिला तिथे उभे राहून, स्वतः वाचून मिळावे, अशी माझी इच्छा आहे.