मास्टर विठ्ठल : घोड्यावरचा नायक आणि बोलपट



वसंत व्याख्यानमालेत संतांवर बोलावे, सातवाहनांवर बोलावे, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर बोलावे, ही रीत चांगलीच आहे. आज मात्र आम्ही एका नटाचे चरित्र घेतले आहे. आणि तोही गंधर्वपरंपरेतला गायक नट नव्हे, तर घोडा फेकणारा, तलवार चालवणारा, मारधाडीच्या मूकपटांतला नायक. मास्टर विठ्ठल हे नाव हिंदुस्थानच्या पहिल्या बोलपटाच्या संदर्भात एका ओळीत येते आणि पुढे नाहीसे होते. त्या एका ओळीच्या अलीकडे आणि पलीकडे काय होते ते पाहण्याजोगे आहे.

नांदेड-लातूरकडच्या श्रोत्यांना घोडेस्वाराचे कौतुक शिकवावे लागत नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भरणारा घोड्यांचा बाजार आपल्या परिचयाचा आहे. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिबच्या हल्ल्यात घोडे कसे सुटतात हेही ठाऊक आहे. हे कौतुक जगभरचे आहे. अमेरिकेत पश्चिमेकडील माळरानांवरचे गुराखी, दरोडेखोर आणि फौजदार यांच्या गोष्टींवर चित्रपटांची एक जातच निर्माण झाली. तिला तिकडे ‘वेस्टर्न’ म्हणतात. मूकपटांच्या काळात ती रुजली आणि पुढे दूरचित्रवाणीने ती घरोघर नेली. ‘गनस्मोक’ नावाची मालिका १९५५ पासून १९७५ पर्यंत वीस वर्षे चालली आणि तिचे ६३५ भाग झाले. फौजदाराचे काम सारी वर्षे जेम्स आर्नेस या एकाच नटाने केले.

अशाच एका वेस्टर्न नटाची हकीकत आपल्या विषयाला फार जवळची आहे. विल्यम बॉइड हा मूकपटांतला मोठा नायक. बोलपट आल्यावर त्याचे दिवस फिरले. त्यातच त्याच्याच नावाच्या दुसऱ्या एका नटाचे प्रकरण वर्तमानपत्रांनी ह्याच्या माथी मारले. १९३५ मध्ये त्याला ‘हॉपअलाँग कॅसिडी’ या घोडेस्वाराची भूमिका मिळाली आणि त्या नावाचे ६६ चित्रपट त्याने केले. मग त्याने एक धाडस केले. जवळचे होते नव्हते ते विकून-गहाण टाकून त्या जुन्या चित्रपटांचे हक्क विकत घेतले. १९४९ मध्ये ते दूरचित्रवाणीवर दिसू लागले, आणि पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ अमेरिकेतल्या पोराबाळांचा दैवत होऊन बसला. आमच्या नायकाची कथा अर्ध्यापर्यंत अगदी अशीच आहे. उरलेले अर्धे निराळे का झाले, हाच आजचा प्रश्न.

विठ्ठल यांचा जन्म १९०६ चा. बालपणीच ते राजापूरकर नाटक मंडळीत गेले आणि तेथून कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. तेथे त्यांच्याकडे काम होते ते चित्रफितीच्या संकलनाचे, म्हणजे पडद्यामागचे. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटात ते प्रथम पडद्यावर आले ते एका नर्तकीच्या भूमिकेत! पुढे मर्दानी करामतींसाठी गाजलेल्या नटाचा आरंभ असा व्हावा याची गंमत वाटते. पण नाटक मंडळीत वाढलेल्या मुलाला पाय आणि कंबर ताब्यात ठेवण्याची शिकवण मिळते, आणि तलवारीच्या पवित्र्याला तरी दुसरे काय लागते?

१९२५ मध्ये मुंबईत शारदा फिल्म कंपनी निघाली आणि १९२६ च्या ‘रतन मंजरी’पासून विठ्ठल तिचे नायक झाले. पुढची चार-पाच वर्षे त्यांची होती. बुरुजावरून उडी, धावत्या घोड्यावरून झेप, एकट्याने दहा जणांशी सामना, अशा चित्रांचा शारदेने धडाकाच लावला. मूकपटांच्या काळात सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होई, आणि ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ असे त्यांना म्हणत. शिकलेल्या मंडळींनी ह्या चित्रांना नाके मुरडली. पुढच्या पिटातले, जमिनीवर बसणारे प्रेक्षक मात्र त्यांवर खूश असत. आम्हांला त्या प्रेक्षकांची बाजू घ्यावीशी वाटते. मूकपटातील पाट्या वाचता न येणारा माणूससुद्धा घोड्याची झेप वाचू शकतो. असे चित्र मुंबईत, लाहोरात आणि मद्रासेत सारखेच समजते. नायक मराठी आहे की गुजराती हे कोणी विचारीत नाही.

आणि नेमके तेच १९३१ मध्ये कोणीतरी विचारले.

अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने बोलपट काढायचे ठरवले आणि नायक म्हणून विठ्ठल यांना घेतले. शारदेशी करार असताना ते इराणींच्या गोटात गेले म्हणून शारदेने त्यांना कोर्टात खेचले. विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते मोहम्मद अली जिना, आणि खटला विठ्ठल जिंकले. मालकाच्या करारात अडकलेला नट अशा वकिलाच्या हातून सुटतो, यावरूनच त्याच्या नावाची बाजारातील किंमत कळून यावी.

‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. गर्दी इतकी की पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले. पण तो तयार कसा झाला हे ऐका. स्टुडिओ लोहमार्गाला लागून होता. गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर चित्रीकरण चाले. बोलणे आणि गाणे तिथल्या तिथे, अभिनय करतानाच मुद्रित व्हायचे; दुसऱ्याचा आवाज मागाहून घालण्याची सोय नव्हती. मायक्रोफोन कुठेतरी दडवलेला, आणि नटाने त्याच्या टप्प्यात राहून बोलायचे. ज्याची सारी कीर्ती उघड्या माळावर दौडण्याची, त्याला चार भिंतींत, मध्यरात्री, एका जागी उभे करण्यात आले. विठ्ठल यांच्या पडतीचे पहिले कारण आम्ही हेच मानतो. भाषेचे कारण त्यानंतरचे.

भाषेची गोष्ट सर्वत्र सांगतात ती अशी : ‘आलम आरा’ पारशी रंगभूमीच्या नाटकावरून घेतलेला, त्याची भाषा उर्दू वळणाची हिंदुस्थानी. विठ्ठल यांचे उच्चार त्या भाषेला साजेसे नव्हते, म्हणून नायकाला बराच वेळ बेशुद्ध किंवा अर्धवट गुंगीत दाखवण्यात आले. पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ मुका! किस्सा इतका सुबक आहे की इतिहासाच्या अभ्यासकाने जरा सावध व्हावे. मुळात कथेतच राजपुत्राचा प्राण एका हारात गुंतलेला आहे आणि त्यामुळे तो निश्चेष्ट पडतो. म्हणजे बेशुद्धी केवळ नटाचे उच्चार झाकण्यासाठी शोधून काढली असे म्हणता येत नाही. फार तर एवढेच, की कथेतील ती सोय कंपनीच्या पथ्यावर पडली.

तरी किश्शात तथ्य आहे, आणि त्याचे मर्म मराठवाड्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतच. घरी मराठी बोलणारी आपली मुले शाळेत शीन-काफ दुरुस्त करीत बसत. त्यांतल्या कित्येकांना ती भाषा उत्तम आली, तिची गोडीही लागली. पण ज्याला ती आली नाही तो मागच्या बाकावर गेला, मग त्याला गणित कितीही येवो. जे आपल्याकडे कायद्याने झाले तेच मुंबईच्या स्टुडिओत धंद्याने झाले. फरक एवढाच की येथल्या मुलाला दहा वर्षे घोकायला मिळाली. कोल्हापूरच्या कंपनीतून आलेल्या पंचविशीच्या नटाला तेवढी सवड मिळाली नाही.

विठ्ठल मात्र ह्याने संपले नाहीत. करामतीची चित्रे ते पुढेही करीत राहिले. १९३३ चा ‘आवारा शहजादा’ त्यांपैकीच. मग ते मराठीत वळले. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये (१९३९) ते दिसतात, पुढे ‘बहिर्जी नाईक’मध्ये (१९४३) आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’तही (१९४४). मराठी ऐतिहासिक चित्रपट म्हणजे एका अर्थाने आपला ‘वेस्टर्न’च : माळरान, घोडे, गड, आणि न्यायासाठी उपसलेली तलवार. येथे भाषा घरची होती. पण आता प्रेक्षकांना संवाद हवे होते, गाणी हवी होती, आणि वय तिशीच्या पुढे सरकले होते. पूर्वीचे अग्रस्थान त्यांना पुन्हा मिळाले नाही.

आता बॉइडची आठवण करावी. बॉइडला उतारवयात दोन गोष्टी लाभल्या : स्वतःच्या चित्रांवर मालकी आणि ती दाखवणारे नवे यंत्र. विठ्ठल पगारी नट, चित्रे कंपन्यांची. त्यांचे देहावसान १९६९ मध्ये झाले आणि मुंबईची दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाली. ती आधी आली असती तरी दाखवणार काय? मूकपटांच्या फिती ज्वालाग्राही नायट्रेटच्या. त्या जळाल्या, कुजल्या, किंवा चांदीसाठी वितळवल्या गेल्या. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले मूठभर शिल्लक आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर फार उशीर झाला होता. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तेव्हा हिंदुस्थानचा हा फेअरबँक्स घोड्यावर कसा दिसत असे हे सांगणारा पुरावा आपल्याजवळ फारसा नाही. काही छायाचित्रे, जाहिराती आणि लोकांच्या आठवणी, एवढेच. ‘रामशास्त्री’ मात्र आजही पाहावयास मिळतो. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री आणि ललिता पवारांची आनंदीबाई पाहून झाल्यावर तो आणखी एकदा लावावा, आणि या वेळी श्रेयनामावलीत खाली लिहिलेल्या मास्टर विठ्ठल या नावाचा माणूस त्यात शोधावा.