जांभ्या दगडातलं लोह आलं कुठून? क्ष-किरण सांगतात फुटलेल्या ताऱ्यांची गोष्ट

सिंधुदुर्गातल्या जांभ्याचा लाल रंग लोहामुळे येतो. वेंगुर्ला तालुक्यात रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत कॅल्शियम असतं. ही मूलद्रव्यं पृथ्वी जन्मण्याआधीच ताऱ्यांत आणि त्यांच्या स्फोटांत तयार झाली. पण हे कळतं कसं?

स्फोटानंतर काय उरतं?

काही तारे शेवटी फुटतात. त्याला सुपरनोव्हा म्हणतात. बाहेर फेकलेला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरतो, आजूबाजूच्या वायूवर आदळतो आणि काही कोटी अंशांपर्यंत तापतो. इतका तापलेला वायू प्रामुख्याने क्ष-किरण सोडतो. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत ‘कॅसिओपिया ए’च्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचला, असा अंदाज आहे. तिथला वायू आजही तापलेला आहे.

मूलद्रव्य कसं ओळखतात?

प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे किरण सोडतं. वर्णपटातल्या या रेषा म्हणजे त्याच्या बोटांचे ठसेच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात दिसलेल्या अशाच एका पिवळ्या रेषेतून पुढे हेलियमचा शोध लागला. विजयदुर्गावर त्या दिवशी ‘हेलियम दिन’ साजरा होतो, तो याच कारणासाठी.

दुर्बीण अवकाशात का लागते?

वातावरण क्ष-किरण शोषून घेतं. आपल्यासाठी ते चांगलंच, पण मग दुर्बीण वर न्यावी लागते. शिवाय साध्या आरशावर समोरून पडलेले क्ष-किरण परावर्तित होत नाहीत. पाण्यावर चपटा दगड तिरका फेकला की तो उड्या मारत जातो, तसे ते आरशाला अगदी घासून गेले तरच वळतात.

भारताचा वाटा काय?

२८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोने ‘ॲस्ट्रोसॅट’ सोडला. त्यावरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. तिच्या पातळ आरशांवर सोन्याचा मुलामा आहे.

२०२३ मध्ये गेलेल्या जपानच्या ‘क्रिझम’ने ‘एन १३२ डी’ या स्फोटाच्या अवशेषात सिलिकॉन, गंधक, कॅल्शियम आणि लोहाच्या रेषा स्पष्ट टिपल्या.

हाच वायू हळूहळू थंड होतो, ढगांत मिसळतो आणि त्यातून नवे तारे, नवे ग्रह घडतात. जांभ्यातलं लोह आणि आपल्या रक्तातलं लोह, दोन्ही याच वाटेने आलंय.