वेगाची साक्ष कोण देणार?

लहानपणी एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली की माझा एक उद्योग ठरलेला असे. किलोमीटरचा दगड मागे गेला की वडिलांच्या मनगटावरचा सेकंदकाटा पाहायचा आणि पुढचा दगड येईपर्यंत मोजत राहायचे. मग ३६०० ला त्या सेकंदांनी भागायचे. ९० सेकंद लागले म्हणजे गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. शेजारचा प्रवासी "ऐंशीने पळतेय" असे कितीही छातीठोकपणे सांगो, दगड आणि घड्याळ वेगळेच सांगत असत.

मोटारीच्या वेगाच्या विक्रमांचा इतिहास याच दगड आणि घड्याळापासून सुरू होतो. १८ डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसजवळच्या आशेर येथे गास्तों द शासलू-लोबा या फ्रेंच उमरावाने एक किलोमीटर ५७ सेकंदांत कापला. म्हणजे ताशी ६३.१५ किलोमीटर. पुढच्या वर्षी २९ एप्रिलला बेल्जियमच्या कामिय येनात्सीने त्याच रस्त्यावर ३४ सेकंद घेतले आणि माणसाने मोटारीत प्रथमच शंभरी ओलांडली, ताशी १०५.८८ किलोमीटर. गंमत अशी की या दोन्ही गाड्या विजेवर चालणाऱ्या होत्या.

पण घड्याळ दाबणारा हात माणसाचा असतो. ३४ सेकंदांच्या धावेत सेकंदाचा पाचवा हिस्सा इकडेतिकडे झाला, तरी ताशी अर्ध्या किलोमीटरहून जास्त फरक पडतो. वारा पाठीशी असेल किंवा रस्त्याला जरासा उतार असेल, तर गाडीच्या खात्यात निसर्गाची कमाई जमा होते. त्यावर उपाय निघाला तो असा : गाडीने दोन्ही दिशांनी धावायचे आणि सरासरी काढायची. जाताना मिळालेला वारा येताना फेडावा लागतो. १९०९ साली व्हिक्टर एमरीने इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर एकाच दिशेने ताशी २०२ किलोमीटरचा वेग गाठला होता. १९१४ साली तिथेच हॉर्नस्टेडने दोन्ही दिशांची सरासरी दिली, ती २०० च्या जराशी खाली भरली. आकडा घटला, पण विश्वासार्हता वाढली. इतिहासात असे क्वचितच घडते.

पुढे दोन्ही धावा एका तासाच्या आत झाल्या पाहिजेत, हा नियम किती काटेकोर होता ते १९९७ मध्ये दिसले. अमेरिकेतील ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीनच्या 'थ्रस्ट एसएससी'ने १३ ऑक्टोबरला ध्वनीचा वेग ओलांडला. मात्र परतीची धाव तासाच्या मर्यादेबाहेर गेली, तीही एका मिनिटापेक्षा कमी फरकाने. विक्रम नाकारला गेला. कोणी गळा काढला नाही. १५ तारखेला त्यांनी पुन्हा धाव घेतली आणि ताशी १२२७.९८५ किलोमीटरचा अधिकृत विक्रम केला.

आता याच्या शेजारी २०२० सालची घटना ठेवून पाहा. अमेरिकेच्या 'एसएससी' या कंपनीने (नावातले साम्य योगायोगाचे) जाहीर केले की तिच्या 'तुआतारा' गाडीने १० ऑक्टोबरला नेवाडातील सरळ रस्त्यावर दोन्ही दिशांची सरासरी ताशी ५०८.७३ किलोमीटर आणि एका दिशेने तब्बल ५३२.९३ किलोमीटर वेग गाठला. जगभर मथळे झळकले. चित्रफीतही होती, तिच्यावर आकडे पळत होते. उपग्रहाच्या साहाय्याने मोजणी केल्याचेही सांगण्यात आले.

शंका काढली ती मोटारींच्या नादी लागलेल्या काही यूट्यूबवाल्यांनी. त्यांनी केले काय? माझ्या एसटीतलाच उद्योग. चित्रफितीत दिसणाऱ्या रस्त्यावरच्या दोन खुणा धरल्या, नकाशावर त्यांच्यातले अंतर मोजले आणि ते पार करायला गाडीला किती सेकंद लागले ते पाहिले. पडद्यावरचा आकडा आणि भागाकाराचे उत्तर जुळेना. मोजणीचे यंत्र बनवणाऱ्या कंपनीनेही खुलासा केला की आमचा कोणी माणूस तिथे नव्हता आणि आम्ही या निकालाला दुजोरा दिलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडात पुन्हा चाचणी झाली. सरासरी भरली ताशी सुमारे ४५५ किलोमीटर. आणि जुलै २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच मान्य केले की आधी सांगितलेला वेग गाठला गेलाच नव्हता.

४५५ हा काही लहान आकडा नाही. खरे सांगितले असते तरी मान मिळालाच असता.

वेग वाढवण्याच्या क्षमतेबाबत तर जास्तच सावध राहावे लागते, कारण तिथे प्रश्न उठतो की घड्याळ नेमके कधी सुरू केले? अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीत गाडी साधारण फूटभर पुढे सरकून प्रकाशकिरणातून चाक बाहेर पडले की वेळ सुरू होते. तीच पद्धत उचलून '० ते ६० मैल'चा आकडा सांगितला, की सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा फुकटात कमी होतो. गाडी मुळी शून्यावर नसतेच! फॉर्म्युला वनची गाडी शून्यापासून शंभरला पोचायला अडीच सेकंदांच्या आसपास घेते. इंजिनात ताकद पुष्कळ असते, पण कमी वेगात चाकांची रस्त्यावरची पकड पुरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या विद्यार्थ्यांनी १४० किलो वजनाची विजेवरची गाडी ०.९५६ सेकंदात शंभरला नेली, तेव्हा त्यांनी गाडीला जमिनीकडे खेचून धरणारी शोषणयंत्रणा बसवली होती. अंतर लागले १२.३ मीटर. वेळ आणि अंतर दोन्ही सांगितले, म्हणून आपल्यालाही पडताळा घेता येतो.

दावा करणाऱ्याला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान करणे, अशी एक समजूत आपल्याकडे रुजते आहे. थ्रस्टच्या चमूला मिनिटाचा हिशेब मागितला गेला, तो त्यांनी दिला आणि विक्रम आजही टिकून आहे. मोबाईलवर पुढे ढकलला जाणारा आकडा मोटारीचा असो वा दुसऱ्या कशाचा, आधी विचारावे : कुठून कुठपर्यंत मोजले, घड्याळ कोणाच्या हातात होते, आणि परतीची धाव झाली का?