डोळ्यांभोवतालची कोलॅजन-उत्तेजक इंजेक्शने

डोळ्यांभोवतालची कोलॅजन-उत्तेजक इंजेक्शने ही वाढत्या वयामुळे डोळ्यांखाली व कडांना येणाऱ्या सुरकुत्या, सैलपणा आणि खोलगटपणा कमी करण्यासाठी वापरली जाणारी उपचारपद्धती आहे. हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर खळगा तत्काळ भरून काढते. कोलॅजन-उत्तेजक द्रव्ये मात्र त्वचेला स्वतःचे कोलॅजन तयार करण्यास प्रवृत्त करतात; त्यामुळे परिणाम दिसण्यास काही आठवडे ते महिने लागतात.

पार्श्वभूमी

पापण्यांची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा असून तिच्याखाली मेद अत्यल्प असतो. वय, ऊन आणि धूम्रपान यांमुळे कोलॅजन घटते, तर गालाच्या वरच्या भागातील मेद कमी झाल्याने डोळ्यांखाली खळगा दिसू लागतो.

प्रमुख द्रव्ये

• पॉली-एल-लॅक्टिक आम्ल: याच्या कणांभोवती सौम्य दाह निर्माण होऊन तंतुजनक पेशी कोलॅजन तयार करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये एचआयव्हीबाधितांच्या चेहऱ्यावरील मेदक्षयासाठी आणि २००९ मध्ये सौंदर्योपचारासाठी त्याला मान्यता दिली.
• कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट: हाडांतील खनिजासारखे सूक्ष्म गोलक. अमेरिकेत मान्यता २००६ मध्ये मिळाली.
• प्लेटलेटसमृद्ध रक्तद्रव (पीआरपी): रुग्णाच्याच रक्तापासून तयार केला जातो. परिणामांविषयीचा पुरावा मर्यादित आहे.

पहिल्या दोन द्रव्यांच्या वरील मान्यता डोळ्यांभोवतीच्या वापरासाठी नव्हत्या.

मर्यादा व धोके

सूज आणि काळेनिळे डाग सामान्यतः काही दिवसांत ओसरतात. पातळ त्वचेखाली गाठी मात्र सहज दिसतात व दीर्घकाळ टिकू शकतात. हायल्युरॉनिक आम्ल हायल्युरॉनिडेज या विकराने विरघळवता येते. वरील पहिल्या दोन द्रव्यांवर असा उतारा नाही. द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेल्यास ते नेत्रधमनीपर्यंत पोहोचून दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. अशी घटना विरळ असली, तरी त्यातून कायमचे अंधत्व येऊ शकते.

भारतीयांमध्ये डोळ्यांखालील काळेपणा अनेकदा रंगद्रव्यामुळे असतो. तो कोलॅजन वाढल्याने जात नाही. म्हणून उपचारापूर्वी कारणाचे निदान आवश्यक ठरते.

भारतातील कायदेशीर स्थिती

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार शरीरावर चोळणे, ओतणे, शिंपडणे, फवारणे अशा वापराची वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. टोचून दिले जाणारे द्रव्य या व्याख्येत बसत नाही. उद्देश सौंदर्यवर्धनाचा असला तरी तो वैद्यकीय उपचारच ठरतो. महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते.